सावलीचा फोटो छापता, मग उन्हाचा आकडा का नाही?

मराठी दैनिकांचे संपादक आणि वृत्तवाहिन्यांवर हवामान सांगणारे वार्ताहर यांस,



दरवर्षी मे महिन्यात तुमच्याकडे एक फोटो हमखास येतो. शाळेच्या अंगणात एखादी बाटली किंवा डबा उभा, भोवती वाकलेली मुलं, आणि बुडाशी सावलीचा मागमूस नाही. शून्य सावली दिवस. कोल्हापुरात तो सहा-सात मेच्या सुमारास येतो, आमच्या साताऱ्यात त्यानंतर चारेक दिवसांनी, मुंबईत पंधरा-सोळाला आणि नागपुरात महिना उतरणीला लागल्यावर. मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. अंगणात काठी रोवून मुलांकडून तिची सावली मोजून घेण्यात माझी अर्धी नोकरी गेली. त्यामुळे हा फोटो दिसला की मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

पण त्या फोटोखालची चौकट वाचून मी दरवर्षी हिरमुसते. सूर्य माथ्यावर आला, सावली पायाखाली गेली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, इथे बातमी संपते. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा त्याच्या अतिनील किरणांना वातावरणातून सर्वांत जवळची वाट मिळते आणि आकाश स्वच्छ असेल तर ते वर्षातल्या जवळजवळ सर्वांत वरच्या पायरीवर असतात, हे त्या चौकटीत नसतं. वाकलेल्या मुलांच्या माना उघड्या असतात. तुम्ही सावली गेल्याचं छापता. ती जाते तेव्हा काय येतं, ते राहून जातं.

जे राहून जातं, त्याला एक आकडा आहे. अतिनील निर्देशांक, म्हणजेच यूव्ही इंडेक्स. रोज त्याचा अंदाज जाहीर करायला १९९२ मध्ये कॅनडाने सुरुवात केली. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटना यांनी इतरांच्या साथीने सगळ्या जगासाठी एकच मोजपट्टी ठरवली आणि २००२ मध्ये तिची मार्गदर्शिका काढली. शून्य ते दोन कमी, तीन ते पाच मध्यम, सहा-सात जास्त, आठ ते दहा फार जास्त, अकरा आणि त्यापुढे अतितीव्र. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल, जांभळा असे पाच रंग. तीनच्या खाली खास काही करायला नको. तीनपासून पुढे अंग, डोकं, डोळे झाका, सावली धरा. चौथीतल्या मुलाला पाच मिनिटांत समजेल इतकं हे सोपं आहे.

आता तक्रारी. एकेक करून सांगते, कारण सगळ्या एकदम मांडल्या तर रागावल्यासारखं वाटेल, आणि मी रागावलेली नाही. तीस वर्षांपासूनची वाचक आहे, एवढंच.

पहिली तक्रार जागेची आहे. तुमच्या हवामानाच्या कोपऱ्यात कमाल तापमान असतं, किमान असतं, आर्द्रता, सूर्योदय, सूर्यास्त, भरती-ओहोटी असते. पावसाळ्यात कोयनेत किती टीएमसी पाणी आहे, तेही असतं. ते हवंच. अतिनील निर्देशांक मात्र नसतो. एका परिचित उपसंपादकांना कारण विचारलं, तर ते म्हणाले, ‘बाई, जागा कुठे आहे?’ मी त्यांना त्याच पानावरचं राशिभविष्य दाखवलं. बारा राशींपैकी प्रत्येकीला तीन-तीन ओळी. मेमध्ये आमच्याकडे भर दुपारचा निर्देशांक बारापर्यंत जातो. बारा राशींना छत्तीस ओळी मिळतात. ह्या बाराला एक मिळू नये?

आणि हे भविष्य राशिभविष्यापेक्षा बरंच भरवशाचं आहे. पावसाचा अंदाज चुकला की तुम्ही आणि आम्ही मिळून हवामान खात्याची थट्टा करतो. अतिनील किरणांचा अंदाज त्या मानाने सोपा. सूर्य कोणत्या दिवशी, किती वाजता, किती अंशावर असेल, हे शंभर वर्षं आधीही सांगता येतं. आपण उष्ण कटिबंधात राहतो, इथे डोक्यावरचा ओझोन एका दिवसातून दुसऱ्या दिवशी फारसा बदलत नाही. गावाची उंचीही हलत नाही. राहतात ढग आणि धूळ. चूक व्हायची ती तिथे होते. अंदाजासाठी पैसे मोजायचेत असंही नाही. कुणाच्याही मोबाइलवर हवामानाच्या ॲपमध्ये बोटाने थोडं खाली सरकलं की हा आकडा दिसतो. पुण्यात पाषाणला असलेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही सेवा उभी केली, दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांपासून. तिच्यात हवेच्या प्रतीबरोबर अतिनील निर्देशांकाचाही विचार होता. म्हणजे ज्ञान आपल्याच अंगणातलं. पाषाणहून ते पहिल्या पानापर्यंत पोचलं नाही, इतकंच.

दुसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची. तुम्ही ऊन आणि उष्णता एकच धरता. दोष एकट्या तुमचा नाही, आपल्या भाषेचाही आहे. ऊन तापतं, ऊन लागतं, उन्हाचा चटका बसतो, उन्हाळी लागते, उन्हाने माणूस रापतो. एका ‘ऊन’ शब्दात आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. अंगाला जो ताप जाणवतो तो अतिनील किरणांचा नाही. ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि कातडीला कळतही नाहीत. कळतो तो परिणाम, चार-सहा तासांनी, घरी आल्यावर, अंघोळीचं पाणी खांद्यावर पडलं की. म्हणून त्यांच्यासाठी अंदाज लागतो. थंडी वाजली तर माणूस आपसूक स्वेटर चढवतो. हे किरण वाजत नाहीत.

दोघांच्या वेळाही वेगळ्या. तुमची चौकट सांगते, ‘दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका.’ उष्माघातासाठी सल्ला बरोबर आहे. पण पारा चढतो तो जमीन तापल्यावर, दुपारी दोन-तीनच्या पुढे. अतिनील किरण जमीन तापायची वाट बघत नाहीत, सूर्याच्या उंचीप्रमाणे चालतात. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे मुंबई-साताऱ्याकडे खरी मध्यान्ह बाराला होत नाही. ती मेमध्ये साडेबाराच्या सुमारास आणि फेब्रुवारीत पाऊणच्याही पुढे होते. किरणांचा डोंगर त्या वेळेच्या दोन्ही अंगांना सारखा उतरतो. म्हणजे मेमध्ये सकाळी साडेदहाचं ऊन आणि दुपारी अडीचचं ऊन कातडीच्या हिशेबात जवळजवळ सारखंच. फरक असतो तो तापाचा. अडीचला माणूस सावध असतो. साडेदहाला ‘अजून ऊन कुठे तापलंय’ म्हणत तो रस्त्याचं काम, धान्य वाळवणं, मुलांची कवायत, सगळं चालू ठेवतो. उलट संध्याकाळी साडेचारला रस्ता अजून भट्टीसारखा असतो, तेव्हा निर्देशांक बराच खाली आलेला असतो.

हे मला कसं कळलं, ते सांगणं भाग आहे. त्यात कमीपणा माझा आहे आणि तो मी लपवणार नाही.

जानेवारीतली गोष्ट. शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या. साताऱ्याला जानेवारीत सकाळी बोचरा वारा असतो, मी शाल लपेटून मैदानाच्या कडेला बसले होते. सातवीत एक मुलगा होता. जन्मापासून त्याच्या अंगात रंगद्रव्य नव्हतं. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, उजेडात डोळे बारीक करायचा. अकराच्या सुमारास तो माझ्याकडे आला आणि ‘बाई, वर्गात बसू का?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘अरे, थंडीतलं कोवळं ऊन आहे, बरं असतं अंगाला. बस तिथे, टाळ्या वाजव.’ तो दोनपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आली. मानेवर आणि दंडांवर फोड होते. ती मला एक शब्द बोलली नाही. तिने फक्त विचारलं, ‘बाई, थंडीत पण लागतं का हो ऊन?’

वर्षभर सूर्याचे अंश शिकवणाऱ्या मला उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन आकडेमोड केली. जानेवारीच्या मध्याला आमच्याकडे मध्यान्हीचा सूर्य एक्कावन्न अंशांवर असतो. आकाश निरभ्र असेल तर निर्देशांक सहा-सातच्या घरात जातो. लंडनला भर जूनमध्ये, स्वच्छ दुपारी साधारण एवढाच असतो, आणि तिथे तेवढ्यावर लोकांना टोप्या घालायला सांगतात. आपला ‘कोवळा’ जानेवारी म्हणजे त्यांचा कडक उन्हाळा. कोवळं ऊन असतं, पण ते सकाळी आठचं. अकराचं ऊन जानेवारीतही जून झालेलं असतं.

म्हणून तिसरी तक्रार. अतिनील किरणांची आठवण तुम्हाला एप्रिल-मेमध्येच होते, तीही ‘घातक किरणांचा विळखा’ अशा मथळ्याखाली. मथळ्यात विळखा असतो, बातमीत आकडा नसतो. वाचक घाबरतो आणि पान उलटतो. हे किरण ऋतू पाहून येत नाहीत. पावसाळ्यात दाट काळे ढग त्यांना बरंच अडवतात, पण पातळ पांढऱ्या ढगांतून बहुतेक किरण खाली येतात, आणि ढगांच्या फटीतून ऊन पडतं तेव्हा कधीकधी निरभ्र आकाशापेक्षाही जास्त. पाऊस हवा धुऊन जातो आणि ऑक्टोबरात स्वच्छ आकाशातून सूर्य थेट येतो. थंड हवेच्या गावांत तर फसगत ठरलेलीच. दर हजार मीटर उंचीमागे हे किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या बाया स्वेटर घालून, पण उघड्या डोळ्यांनी दिवसभर वाकलेल्या असतात. आणि दरवर्षी मराठी पर्यटकांच्या बसच्या बस लेह-लडाखला जातात. साडेतीन हजार मीटर उंची, वर ताजा बर्फ असेल तर तो ऐंशी टक्क्यांपर्यंत किरण परत तोंडावर फेकतो. तिथून परतलेल्यांची सोललेली नाकं तुम्हीही पाहिली असतील. तुमच्या पर्यटन पुरवणीत कानटोपी आणि थर्मल न्या असं असतं. काळा चष्मा न्या हे शोधावं लागतं.

चौथी तक्रार पुरवणीचीच. निर्देशांकाचा उल्लेख कुठे येतो? सौंदर्याच्या पानावर. ‘उन्हाळ्यात चेहरा काळवंडू नये म्हणून’ या मथळ्याखाली, शेजारी क्रीमची जाहिरात. जणू हा प्रश्न गोरेपणाचा आहे, आणि फक्त बायकांचा आहे. ज्यांचं पोटच उन्हात आहे, ते त्या पानावर नसतात. चौकात उभा वाहतूक पोलीस, उसाच्या फडातलं जोडपं, डांबर ओतणारी टोळी, घरोघर फिरणाऱ्या आशाताई, भाजी घेऊन पाटीमागे बसलेली मावशी. घरात काम करणाऱ्याच्या अंगावर वर्षभरात जेवढे किरण पडतात, त्याच्या कितीतरी पट यांच्या वाट्याला येतात. यांना महागडी ट्यूब परवडत नाही, आणि परवडली तरी ती दर दोन तासांनी, भरपूर लावावी लागते. फडात ते कोण करणार? त्यांना उपयोगी पडेल ते आपल्याकडे आधीपासून आहे. घट्ट विणीचं, पूर्ण बाह्यांचं कापड. शेतातल्या बायकांची टापर. मानेवर शेमला सोडलेला पटका. इथे गांधी टोपीचा मान राखून सांगते, तिला कड नाही, कान आणि मान ती उघडीच ठेवते. काळी छत्री तर आमच्या आजोबांनीही वापरली. याला सौंदर्यप्रसाधन म्हणत नाहीत. हे कामाचं हत्यार आहे, आणि ते केव्हा काढायचं, हे आकडा सांगेल.

पाचवी तक्रार वाचकांची आहे, पण ती तुम्ही खोडून काढायला हवी. ‘आपली कातडी सावळी, आपल्याला काही होत नाही.’ अर्धं खरं आहे. आपल्या रंगद्रव्याचा आधार मोठा, त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांइतका कातडीच्या कर्करोगाचा धोका आपल्याला नाही. तिथल्या बातम्या उचलून इथे भीती घालू नका, असंही मी म्हणेन. पण डोळ्याच्या भिंगाला कातडीचा रंग वाचवत नाही. मोतीबिंदूचं मुख्य कारण वय, तरी आयुष्यभर डोळ्यांत गेलेले हे किरण त्यात भर घालतात, आणि कारणांच्या यादीत टाळता येण्यासारखी जी थोडी आहेत त्यांत हे एक आहे. बायकांच्या गालांवरचे वांग उन्हाने वाढतात. कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागांना आधारच नसतो. ल्युपससारख्या आजारात ऊन आजार चाळवतं. आणि एक गोष्ट मुंबईच्या वाचकांसाठी खास. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या, म्हणजे लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली जाते. ती घेतल्यावर कातडी उन्हाला हळवी होते. गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर घ्यायचीच, पण त्या दिवसांत आकडा पाहून अंग झाकायचं. ही एक ओळ तुम्ही लेप्टोच्या बातमीत घातलीत तर किती बरं होईल.

तक्रारी संपल्या. आता मागण्या. त्या मोजक्या आहेत आणि एकीलाही पैसे लागत नाहीत.

एक, रोज आकडा द्या, आणि त्याबरोबर वेळ द्या. नुसता ‘आज ९’ म्हणून उपयोग नाही, तो दुपारचा कळस असतो. ऑस्ट्रेलियात अंदाजाबरोबर निर्देशांक तीन किंवा त्याहून वर कधीपासून कधीपर्यंत राहील, त्या वेळा सांगतात. माणसाला दिवस आखायला तेच लागतं. ‘सव्वाआठ ते पावणेपाच अंग झाका’ हे वाचून मुकादम कामाची पाळी बदलू शकतो, मुख्याध्यापक कवायत सकाळी लवकर घेऊ शकतात.

दोन, वर्षभर द्या. जानेवारीत विशेष द्या, कारण तेव्हा शाळांच्या क्रीडास्पर्धा असतात.

तीन, घरगुती शब्द वापरा. ‘अतिनील निर्देशांक’ हे नाव पाठ्यपुस्तकात शोभतं. मथळ्यात ‘उन्हाचा आकडा’ म्हणा. तुम्ही म्हणालात तर लोक म्हणतील. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ मध्ये आला. तेव्हा एक्यूआय हा शब्द कुणाला ठाऊक होता? तुम्ही रोज छापलात, आज पानटपरीवर ‘काल दोनशेच्या वर होता’ अशी चर्चा चालते.

चार, तो कमी झाला की तेही सांगा. हे फार महत्त्वाचं. नुसती भीती घातली तर लोक दारंखिडक्या लावून बसतील, आणि आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता आधीच घरोघर आहे. ते जीवनसत्त्व ह्याच किरणांतल्या एका भागापासून अंगात तयार होतं, थोड्या वेळच्या उन्हात. उन्हाशी वैर नको, हिशेब हवा. ‘पाचनंतर आकडा दोनवर, पोरांना मैदानावर सोडा’ हीसुद्धा बातमी आहे.

पाच, सरकारला विचारा. केरळच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२५ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी मोजणी करून रोजचे आकडे आणि रंगांचे इशारे द्यायला सुरुवात केली. त्या यादीत थंड हवेचं मुन्नारही वरच्या रंगात दिसलं. मग महाबळेश्वरला मोजणीयंत्र का नको, हा प्रश्न मी विचारला तर पत्र फायलीत जाईल. तुम्ही विचारलात तर उत्तर येईल.

आणि सहावी मागणी मी आग्रहाने करते. शून्य सावलीच्या फोटोखाली यंदा दोन ओळी जास्त छापा. सावली हेच गरिबाचं मोजणीयंत्र आहे. सावली आपल्यापेक्षा आखूड, तर आकडा साधारण सहाच्या वर: झाका, आडोसा धरा. सावली आपल्या दुपटीइतकी लांब, तर आकडा तीनच्या खाली उतरू लागला. मोबाइल नको, वीज नको, अक्षरओळख नको. मुंबई-पुण्यापासून दक्षिणेला तर ऐन डिसेंबरातही भर दुपारी सावली माणसापेक्षा आखूडच असते. एवढं एक वाक्य कळलं तरी ‘थंडीत ऊन लागत नाही’ ही समजूत गळून पडेल.

तो मुलगा आता मोठा झालाय. पुण्याला नोकरी करतो. दिवाळीत भेटायला आला होता, रुंद कडेची टोपी, काळा चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. दारात चपला काढताना त्याने मागे वळून अंगणात पाहिलं. मी विचारलं, काय बघतोस? ‘काही नाही बाई,’ तो म्हणाला, ‘सवय. सावली किती आहे ते बघतो.’ ही सवय माझ्या तासाला लागायला हवी होती. त्याला ती फोडांनी लावली.

तुमच्या हाती रोज लाखो अंगणं आहेत. उद्याच्या कोपऱ्यात मला एवढंच वाचायचं आहे: ‘सातारा. उन्हाचा आकडा: दुपारी ९. सकाळी साडेआठ ते साडेचार डोकं-डोळे झाका. त्यानंतर खुशाल फिरा.’

राशिभविष्याच्या वर किंवा खाली, कुठेही चालेल.



आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
सातारा